विश्वस्ताची सही आणि त्याचे दायित्व

शास्त्रवाचन: निर्गम २२:७-१३, लेवीय ५:१, एज्रा ८:२१-३४, २ करिंथ ८:१६-२४



आपल्या मंडळ्या, मिशनच्या शाळा, वसतिगृहे व दवाखाने यांच्या विश्वस्त मंडळांवर बहुधा कोण असते हे आपण जाणताच. निवृत्त मुख्याध्यापक, आयुष्यभर परिचारिका म्हणून सेवा केलेल्या भगिनी, रेल्वेतून किंवा बँकेतून निवृत्त झालेले बंधू. वार्षिक सभेत कोणी त्यांचे नाव सुचवतो, कोणी अनुमोदन देतो आणि ते विश्वस्त होतात. त्यांना मानधन नसते. उपासनेनंतर सभा भरते, प्रार्थना होते, चहा येतो, सभावृत्तांताची वही पुढे सरकते आणि ते सही करतात. पुढे काही वर्षांनी एखादी नोटीस त्यांच्या घरच्या पत्त्यावर येते, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात येते की, सही संस्थेच्या वतीने केली असली तरी तिचा जाब आपल्यालाच द्यावयाचा आहे.

अशा वेळी ही माणसे कळवळून विचारतात, "आम्ही मंडळीचा एक पैसाही घेतला नाही. मग आमच्या निवृत्तिवेतनावर आणि राहत्या घरावर हे ओझे का?" हा प्रश्न खोटा नाही. त्यामागे एका प्रामाणिक मनुष्याची झोप उडालेली असते. म्हणून त्याचे उत्तर शास्त्र व कायदा या दोहोंच्या प्रकाशात शोधणे अगत्याचे आहे. ते उत्तर थोडक्यात असे: विश्वस्ताने प्रामाणिक असणे हे तर हवेच, परंतु त्याचे संरक्षण त्या प्रामाणिकपणाच्या पुराव्याने होते. हा नियम सरकारने प्रथम शोधून काढलेला नाही. तो शास्त्रात फार पूर्वीपासून आहे.

१. 'विश्वस्त' म्हणजे कोण?

'विश्वस्त' हा शब्द संस्कृतातून आला आहे आणि ज्यावर विश्वास ठेवला गेला आहे असा मनुष्य, हा त्याचा अर्थ होय. म्हणजे या शब्दात कर्ता दुसराच आहे. विश्वास ठेवणारा दाता, विश्वास ठेवणारी मंडळी, आणि ज्यांच्यासाठी ते धन ठेवले ती अनाथ मुले, विधवा व रुग्ण. विश्वस्ताच्या हाती मालमत्ता असते, पण ती त्याची नसते.

पौलाने १ करिंथ ४:१-२ मध्ये स्वतःसाठी जो शब्द योजला आहे, तो मूळ ग्रीक भाषेत 'ओइकोनोमोस' असा आहे. 'ओइकोस' म्हणजे घर. धन्याच्या घराची व्यवस्था पाहणारा तो ओइकोनोमोस. आपल्या मराठी शास्त्रात त्यासाठी 'कारभारी' हा नेमका शब्द आला आहे. लूकच्या सोळाव्या अध्यायातील कारभाऱ्याची गोष्ट आपण अनेकदा ऐकली आहे. तेथे धनी कारभाऱ्याला पहिली गोष्ट कोणती विचारतो? तो हिशेब मागतो. कारभारीपण आणि हिशेब हे दोन शब्द शास्त्रात जोडीनेच चालतात. ज्याला हिशेब विचारलेला आवडत नाही, त्याने हे पद स्वीकारू नये.

२. अनामतीचा जुना नियम

निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात एक अत्यंत व्यावहारिक भाग आहे. एखाद्याने आपले पैसे, सामान किंवा गुरेढोरे शेजाऱ्याकडे सांभाळण्यास दिली आणि ती नाहीशी झाली, तर भरपाई कोणी करावी? नियमशास्त्र सरसकट उत्तर देत नाही, ते प्रकार पाडते. पैसा किंवा सामान चोरीस गेले व चोर सापडला नाही, तर घरधन्याने देवासमोर उभे राहावे आणि त्याने स्वतः त्याला हात लावला नाही याचा निवाडा व्हावा. सांभाळावयास दिलेले जनावर राखणदाराजवळून चोरीस गेले, तर त्याने भरपाई करावी, कारण राखणे हेच त्याचे काम होते. मात्र ते जनावर हिंस्र पशूने फाडले असेल, तर राखणदाराने फाडलेले जनावर पुराव्यादाखल आणून दाखवावे. मग त्याच्यावर भरपाईचा भार नाही.

या शेवटच्या वचनातील मूळ इब्री शब्द 'एद' हा आहे. त्याचा नेहमीचा अर्थ 'साक्षी' असा होतो. म्हणजे मेलेले जनावर बोलू शकत नसले तरी ते राखणदाराच्या बाजूने साक्ष देते. आमोस ३:१२ मध्ये सिंहाच्या जबड्यातून दोन तंगड्या किंवा कानाचा तुकडा ओढून काढणारा मेंढपाळ आहे. एवढ्याशा तुकड्याचा त्याला उपयोग काय, असे वाचकाला वाटते. निर्गमातील नियम ठाऊक असला म्हणजे त्या चित्रात मेंढपाळाचा पुरावाही दिसू लागतो. उलट उत्पत्ती ३१:३९ मध्ये याकोब लाबानाला सांगतो की, फाडलेले जनावर आपण त्याच्याकडे आणलेच नाही, तो तोटा आपणच सोसला. पुरावा न दाखवणाऱ्या राखणदाराला पदरचे भरावे लागते, हे त्याच्या कहाणीतही दिसते.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. नुकसान झाले एवढ्यावरून शास्त्र राखणदाराला दोषी धरत नाही. तसेच, "मी प्रामाणिक आहे" एवढ्या शब्दावर त्याला सोडूनही देत नाही.

३. एज्राचा तराजू

आता कोणी म्हणेल, "आपण सारे ख्रिस्ती बंधू आहोत. एकमेकांकडून पावत्या मागणे हा अविश्वास नव्हे काय?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक मंडळीत ऐकू येतो. एज्राच्या आठव्या अध्यायात त्याचे उत्तर आहे.

एज्रा बाबेलहून यरुशलेमेस निघाला तेव्हा त्याच्याबरोबर मंदिरासाठी दिलेले मोठे धन होते. त्यात साडेसहाशे किक्कार रुपे व शंभर किक्कार सोने होते. वाट सुमारे चार महिन्यांची आणि धोक्याची होती. राजाकडे स्वार व शिपाई मागण्याची त्याला लाज वाटली, कारण आमचा देव आम्हांला राखतो अशी ग्वाही त्याने राजाला दिली होती. म्हणून त्याने उपास व प्रार्थना केली. एवढा विश्वास असलेल्या या मनुष्याने पुढे काय केले? त्याने प्रमुख याजकांपैकी बारा जण वेगळे केले आणि सर्व सोने, रुपे व पात्रे तोलून त्यांच्या हाती दिली. यरुशलेमेस पोहोचेपर्यंत हे जपा आणि तेथे प्रमुखांच्या समक्ष पुन्हा तोलून द्या, असे त्याने त्यांना बजावले. तेथे पोहोचल्यावर चौथ्या दिवशी दोन याजक व दोन लेवी यांच्या समक्ष सारे पुन्हा मोजले व तोलले गेले आणि एकंदर वजन लिहून ठेवण्यात आले.

शिपायांवाचून जाण्याइतका एज्राचा देवावर विश्वास होता. तरी तराजूवाचून जाणे त्याला योग्य वाटले नाही. देवावरील विश्वास आणि मनुष्यांमधील हिशेब यांत त्याला विरोध दिसला नाही. त्या तोलण्याने याजकांचा अपमानही झाला नाही. वाटेत काही कमी झाले असा आरोप पुढे कोणी केला असता, तर तेच वजन त्यांचे रक्षण करणार होते.

पौलानेही हेच केले. यरुशलेमेतील गरिबांसाठी जमा केलेली वर्गणी त्याने एकट्याने नेली नाही. तीत, मंडळ्यांनी निवडून दिलेला एक बंधू आणि पारखलेला आणखी एक बंधू असे तिघे त्याने त्या कामी पाठवले. आपल्यावर कोणी दोष ठेवू नये, म्हणून प्रभूच्या दृष्टीने आणि मनुष्यांच्याही दृष्टीने जे चांगले ते करण्याची आपण काळजी घेतो, असे तो लिहितो. या ठिकाणी वापरलेल्या 'प्रोनोएओ' या ग्रीक क्रियापदाचा अर्थ आधीच विचार करणे असा आहे. आरोप झाल्यावर कागद गोळा करणे निराळे, आणि कागद आधीच तयार असणे निराळे. याच्या उलट उदाहरणही शुभवर्तमानात आहे. शिष्यांची थैली यहूदा इस्कर्योताजवळ असे आणि तीत जे टाकले जाई ते तो घेत असे, हे योहान १२:६ सांगते.

४. देशाचा कायदा काय सांगतो?

शास्त्रातील हे तत्त्व ध्यानात ठेवून कायद्याकडे पाहिले म्हणजे तो परका वाटत नाही. १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम मुख्यतः खासगी न्यासांसाठी आहे आणि सार्वजनिक धर्मादाय न्यासांना तो थेट लागू होत नाही. तथापि त्यात मांडलेल्या विश्वस्ताच्या कर्तव्यांचा आधार न्यायालये सार्वजनिक न्यासांच्या बाबतीतही घेतात. त्याच्या कलम १५ चा आशय असा की, सामान्य समजुतीचा मनुष्य स्वतःची मालमत्ता जितक्या काळजीने सांभाळील, तितक्या काळजीने विश्वस्ताने न्यासाची मालमत्ता सांभाळावी. इतकी काळजी घेऊनही नुकसान झाले, तर विश्वस्त त्यास जबाबदार नाही. निर्गमातील राखणदाराचा नियम येथे जवळजवळ तसाच आढळतो. परंतु विश्वस्ताने आपले कर्तव्य मोडले व त्यामुळे न्यासाचे नुकसान झाले, तर कलम २३ प्रमाणे ते त्याने भरून द्यावयाचे असते.

महाराष्ट्रात १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम लागू आहे. २०१२ साली त्याच्या नावात 'मुंबई' ऐवजी 'महाराष्ट्र' असा बदल झाला. घोर निष्काळजीपणा, विश्वासघात, पैशाचा गैरवापर किंवा गैरवर्तन यांमुळे न्यासाचे नुकसान झाल्याचे दिसल्यास, चौकशी करून ते किती झाले व त्यास कोण जबाबदार हे ठरवण्याचा आणि ती रक्कम त्या व्यक्तीवर बसवण्याचा अधिकार कलम ३९ ते ४१ खाली धर्मादाय आयुक्तांना आहे. कलम ४१-ड खाली विश्वस्ताला निलंबित करता येते व काढूनही टाकता येते. 'घोर निष्काळजीपणा' या शब्दांवर वाचकांनी क्षणभर थांबावे. पैसे खाणाऱ्यालाच नव्हे, तर डोळे मिटून सही करणाऱ्यालाही ते लागू पडू शकतात.

मी हा लेख बेंगळुरूहून लिहीत आहे. कर्नाटकात सर्व सार्वजनिक न्यासांवर देखरेख करणारा, महाराष्ट्रासारखा धर्मादाय आयुक्त नाही. त्यामुळे येथील काही बांधवांना वाटते की, आपल्याला विचारणारे कोणी नाही. हा भ्रम आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ९२ येथे लागू होते. न्यासात हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती न्यायालयाच्या अनुमतीने दावा लावू शकतात. त्यात विश्वस्ताला दूर करणे, नवा नेमणे, हिशेब मागणे आणि न्यासाची योजना ठरवून घेणे या सर्व गोष्टी मागता येतात. म्हणजे मागच्या बाकावर बसणारे दोन साधे सभासदही हिशेब मागू शकतात.

मालमत्ता सांभाळण्यासाठी मंडळ्यांनी निरनिराळी रूपे स्वीकारली आहेत. दक्षिण भारताच्या मंडळीची मालमत्ता धारण करण्यासाठी १९४७ साली कंपनी कायद्याखाली 'चर्च ऑफ साउथ इंडिया ट्रस्ट असोसिएशन' ही ना-नफा संस्था नोंदवण्यात आली. अनेक मंडळ्या सोसायटी म्हणून नोंदल्या आहेत, काही न्यासपत्राने उभ्या आहेत. रूप कोणतेही असो, त्याने संस्थेच्या प्रामाणिक कर्जाचे ओझे सभासदांच्या घरावर येणे पुष्कळदा टळते. परंतु स्वतःच्या हातून घडलेला विश्वासघात किंवा स्वतःचा बेफिकीरपणा कोणत्याही नोंदणीच्या आड लपवता येत नाही.

५. ठराव केला म्हणजे झाले काय?

आपल्या सभांमध्ये एक समजूत रुजलेली आहे: एकमताने ठराव झाला की काम कायदेशीर झाले. या बाबतीत आपल्याच इतिहासातील एक घटना बोलकी आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया', स्थापन झाली. त्या सहांपैकी एक ब्रदरेन मंडळी होती. तिच्या गुजरातेतील शाखेच्या मालमत्तेवरून पुढे वाद निर्माण झाला. तेथेही १९५० चाच अधिनियम लागू होता. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, हे प्रश्न त्या अधिनियमाने नेमलेल्या अधिकाऱ्यांपुढे सोडवावयाचे आहेत, दिवाणी न्यायालयात नव्हे. वाद तरीही चालूच राहिला. २०१३ साली त्याच न्यायालयाने निर्णय दिला की, एकत्र होण्याचा ठराव केल्याने न्यासाची मालमत्ता आपोआप नव्या संस्थेकडे जात नाही. त्यासाठी कायद्याने घालून दिलेली प्रक्रिया पूर्ण करावी लागते.

नागपूरचे ऐक्य ही एक पवित्र आकांक्षा होती आणि तिच्या आत्मिक मोलाविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. परंतु चाळीस वर्षांहून अधिक काळानंतरही कागद कोणी, केव्हा व कोणत्या अधिकाराने केले, हाच प्रश्न न्यायालयापुढे उभा राहिला. जो विश्वस्त ठरावाच्या उत्साहात पुढची पायरी विसरतो, तो आपल्या नातवंडांच्या पिढीसाठी वाद मागे ठेवतो.

६. गप्प राहण्याचे दायित्व

सर्वांत जास्त भले लोक येथे अडकतात. "खजिनदाराने केले, मी नव्हे," असे ते म्हणतात. कायद्याचे पहिले उत्तर त्यांच्या बाजूचे आहे. सहविश्वस्ताच्या चुकीसाठी केवळ सहविश्वस्त म्हणून दुसरा जबाबदार होत नाही, असे १८८२ च्या अधिनियमाचे कलम २६ मानते. पण त्याला अपवाद आहेत. न्यासाचे धन सहविश्वस्ताच्या हाती देऊन त्याचे काय झाले हे ज्याने पाहिले नाही, ते त्याच्याकडे अकारण पडून राहू दिले, किंवा त्याचे गैरकृत्य कळल्यावर ते लपवले अथवा वाजवी वेळेत काही हालचाल केली नाही, तो सुटत नाही.

आता लेवीय ५:१ उघडा. जो साक्षी आहे, ज्याने पाहिले आहे किंवा ज्याला ठाऊक आहे, तो बोलला नाही, तर त्याने आपल्या अपराधाचा भार वाहावा, असा त्या वचनाचा आशय आहे. पाप करणारा दुसराच, तरी गप्प राहणाऱ्यावरही भार येतो.

येथे १ करिंथ ६:१-८ चा आधार घेऊन पुष्कळांची तोंडे बंद केली जातात. भावाने भावाविरुद्ध न्यायालयात जाऊ नये, त्यापेक्षा अन्याय सोसावा, असे पौल सांगतो खरे. परंतु तो कोणाचे नुकसान सोसण्यास सांगतो? ज्याचे त्याचे स्वतःचे. माझी शेतजमीन भावाने बळकावली, तर ख्रिस्ताकरता मी ती सोडू शकतो, आणि ते सोडणे प्रीतीचे आहे. परंतु वसतिगृहातील मुलांच्या नावाने ठेवलेली जमीन मी उदार मनाने सोडू शकत नाही, कारण ती माझी नव्हेच. जे माझे नाही ते क्षमेच्या नावाखाली देऊन टाकणे ही प्रीती नसून दुसऱ्याच्या खिशातून केलेली उदारता आहे. त्याच अध्यायात पौल विचारतो की, तुमच्यात निवाडा करू शकेल असा एकही शहाणा नाही काय? म्हणून आधी मंडळीत, समजूतदार वडीलधाऱ्यांपुढे प्रश्न मांडावा. पण तेथे दार बंद झाले, तर विश्वस्ताचे कर्तव्य संपत नाही.

७. व्यवहारात काय करावे?

वरील विवेचनातून निघणाऱ्या काही गोष्टी क्रमाने मांडतो.

(१) पद स्वीकारण्यापूर्वी न्यासपत्र किंवा घटना, मागील तीन वर्षांचे तपासलेले हिशेब आणि मालमत्तेची कागदपत्रे स्वतः वाचावी. महाराष्ट्रात परिशिष्ट एकचा उतारा काढून त्यात कोणाची नावे विश्वस्त म्हणून आहेत ते पाहावे. विश्वस्त बदलले, तर त्याची नोंद होण्यासाठी नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावयाचा असतो. वर्षानुवर्षे हा अर्ज न दिल्याने मृत झालेल्यांची नावे चालू राहतात आणि काम करणाऱ्यांचा अधिकारच वादात सापडतो.

(२) स्थावर मालमत्तेला हात लावताना घाई करू नये. महाराष्ट्रात कलम ३६ प्रमाणे विक्री, अदलाबदल व बक्षीस यांस धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यावयाची असेल, तरीही ती लागते. न्यासासाठी कर्ज काढण्यासही पूर्वपरवानगी लागते. "आधी करार करू, परवानगी मागाहून घेऊ," असे कोणी म्हणाला, तर त्या कागदावर सही करू नये.

(३) विश्वस्ताने किंवा त्याच्या नातलगाने न्यासाची मालमत्ता स्वतः घेऊ नये. आपला हितसंबंध असेल तेथे तो सभेत उघड सांगावा, चर्चेतून बाजूला व्हावे आणि तशी नोंद करवून घ्यावी.

(४) पैसा एकाच्या हाती ठेवू नये. धनादेशावर दोन सह्या असाव्यात आणि रविवारची दानपेटी दोघांनी मिळून मोजावी. २ राजे १२ मध्ये योवाश राजाच्या काळी पेटीतील पैसा राजाचा चिटणीस व मुख्य याजक असे दोघे मोजत. त्याच अध्यायाच्या पंधराव्या वचनात कामकऱ्यांना पैसे देणाऱ्यांकडून हिशेब घेतला नाही असे आहे, आणि त्याचा आधार घेणारे काही जण भेटतात. त्यांनी आधीची वचनेही वाचावीत. पैसा मोजल्याखेरीज कोणाच्या हाती दिलाच जात नव्हता.

(५) शिल्लक पैसा कायद्याने मान्य केलेल्या ठिकाणीच ठेवावा. अधिक व्याजाच्या आशेने ओळखीच्या पतपेढीत किंवा एखाद्या बांधवाच्या धंद्यात ठेवलेली रक्कम बुडाली, तर ठेवणाऱ्याला उत्तर देणे कठीण जाते. हिशेब दर वर्षी तपासून घ्यावेत आणि तपासनिसाचा अहवाल पूर्ण मंडळाने वाचावा.

(६) कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेली भविष्यनिर्वाह निधीची रक्कम त्याच कामासाठी भरावी. ती इतर खर्चाला वापरणे हा कायद्याने फौजदारी स्वरूपाचा विश्वासघात ठरतो. याकोब ५:४ मध्ये राखून ठेवलेली मजुरीच ओरडते, हे आपण विसरू नये.

(७) परदेशी देणगीचे नियम वेगळे आणि कडक आहेत. २०१० च्या कायद्यात २०२० साली झालेल्या बदलांप्रमाणे ती रक्कम दिल्लीतील भारतीय स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरलेल्या खात्यातच घ्यावी लागते, दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि व्यवस्थापनावर वीस टक्क्यांहून अधिक खर्चता येत नाही. "मिशनचाच पैसा आहे, थोडा शेजारच्या मंडळीला देऊ," हा सद्भाव येथे गुन्हा ठरू शकतो.

(८) सभेत मत विरुद्ध असेल, तर ते मनात किंवा व्हरांड्यात ठेवू नये. सभावृत्तांतात आपला विरोध नावासह नोंदवण्याची विनंती करावी. नोंद न झाल्यास भिन्नमताचे पत्र चिटणिसाला देऊन पोच घ्यावी व त्याची प्रत घरी ठेवावी. फाडलेल्या जनावराचा तो तुकडाच आहे, असे समजा. कोऱ्या पानावर, कोऱ्या धनादेशावर किंवा न झालेल्या सभेच्या वृत्तांतावर कधीही सही करू नये.

(९) शंका आली, तर लेखी सल्ला घ्यावा. जाणत्या वकिलाचे मत मागून त्याप्रमाणे वागणारा विश्वस्त काळजीपूर्वक वागला असे दाखवता येते. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडून निर्देशही मागता येतात. प्रत्येक न्यासाचे कागद निराळे असल्यामुळे हा लेख त्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही.

८. कोणती ढाल अपुरी आहे?

काही न्यासपत्रांत विश्वस्तांना तोषीस लागू देऊ नये असे कलम असते. प्रामाणिकपणे केलेल्या खर्चासाठी व प्रामाणिक चुकीसाठी त्याचा उपयोग आहे. अप्रामाणिकपणा त्याने झाकला जात नाही. विश्वस्तांसाठी विमाही मिळतो. तो खटल्याचा खर्च सोसण्यास मदत करील, पण जाणूनबुजून केलेल्या कृत्याची भरपाई करणार नाही. राजीनामा हीदेखील पूर्ण सुटका नव्हे. तो पुढच्या काळासाठी आहे, मागे केलेल्या सहीसाठी नव्हे. जावयाचेच असेल, तर कारण लिहून, कागदपत्रांची यादी करून, ताबा दिल्याची पावती घेऊन आणि आपले नाव नोंदीतून निघाले याची खात्री करून जावे. पुष्कळदा मात्र राहून लेखी विरोध करणे हेच त्या मुलांच्या व विधवांच्या हिताचे असते. सर्व प्रामाणिक माणसे भयाने निघून गेली, तर थैली कोणाच्या हाती राहील याचा विचार करावा.

बंधुभगिनींनो, स्वतःचे घर वाचवणे हे विश्वस्ताचे पहिले ध्येय नव्हे. पण न्यासाचे घर वाचवण्याच्या ज्या रीती आहेत, त्याच त्याचेही घर वाचवतात. तोलून घ्या, तोलून द्या, लिहून ठेवा, आणि जे चूक दिसते ते वेळेवर बोला. जो धनी शेवटी हिशेब मागणार आहे, त्याला या सवयी नव्या वाटणार नाहीत.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीच्या मालमत्तेची मूळ कागदपत्रे कोठे आहेत? ती शेवटची कोणी व केव्हा पाहिली?

२. निर्गम २२ मधील राखणदाराप्रमाणे, गेल्या वर्षाच्या एका मोठ्या खर्चाविषयी आपण कोणता पुरावा दाखवू शकाल?

३. आपल्या सभावृत्तांतात विरोधी मताची नोंद शेवटची केव्हा झाली? झाली नसेल, तर सर्व खरोखरच एकमताचे होते काय?

४. १ करिंथ ६ मधील बोध पाळताना आपण स्वतःचे नुकसान सोसत आहोत, की ज्यांच्यासाठी आपणांवर विश्वास ठेवला गेला त्यांचे?